स्थळ: राहू

माझं पहिलं गवत थोरवे मॅडमनी खिडकीतून बाहेर टाकलं होतं.

शिरूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.चा वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरायचा. आम्ही अकरा जण, त्यात नऊ मुली. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी प्रत्येकाला एक गवत आणायला सांगितलं. मी शिक्रापूरहून एसटीनं यायची. सकाळच्या गडबडीत विसरले, आणि कॉलेजच्या फाटकापाशी दिसलं ते मूठभर उपटून वर गेले. मॅडमनी ते हातात घेतलं, मुळापासून शेंड्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, कुठलं? मी म्हटलं, रस्त्यावरचं. कुठल्या रस्त्यावरचं, कधी काढलं, कुणी काढलं?  मॅडम खिडकीशी गेल्या आणि गवत सोडून दिलं. खाली वॉचमनची शेळी बांधलेली असायची. तिनं मान वर करून पाहिलं आणि खायला लागली.

"बघ," मॅडम म्हणाल्या, "चिठ्ठी असती तर नमुना झाला असता. चिठ्ठी न्हाई म्हंजी वैरण."

मला असा राग आला होता की त्या दिवशी मी डबासुद्धा खाल्ला नाही. पुढं दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि कळलं, बाईंचा सगळा धर्म एवढाच होता. कुठं, कधी, कुणी. त्यांच्या पर्समध्ये पांढऱ्या दोऱ्याला ओवलेल्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा जुडगा असायचा. कपाटाच्या किल्लीला चिठ्ठी, डब्याला चिठ्ठी, छत्रीलाही. गाठ नेहमी दुहेरी. एकेरी गाठ मारलेली दिसली की त्या ती सोडायला लावायच्या आणि पुन्हा बांधून घ्यायच्या. मॅडमच्या नवऱ्यालाही चिठ्ठी बांधली असेल, असं आम्ही मुली मागं म्हणायचो आणि खिदळायचो.

दिसायला बारीक, सावळ्या, कपाळावर छोटं कुंकू, साडी कायम सुती. चालताना नजर जमिनीवर. लोकांना वाटायचं बाई लाजाळू आहे. त्या रस्त्याकडेचं गवत बघत चालायच्या. वर्गात प्रमाण भाषेत सुरुवात करायच्या आणि रंगात आल्या की गावच्या बोलीवर यायच्या, मग समजायचं की आता खरं शिकवणं सुरू झालं.

एकदा आमच्यातल्या एकीनं वनस्पतिसंग्रहातल्या, वाळकं रोप चिकटवलेल्या एका जुन्या शीटवरची चुकीच्या नावाची चिठ्ठी खरवडून काढली आणि तिथं बरोबर नावाची नवी चिकटवली. तिला वाटलं शाबासकी मिळेल.  मॅडमनी केराच्या टोपलीतून ते तुकडे वेचून आणले आणि दुपारभर खळ लावून एकेक तुकडा जागच्या जागी बसवला. मग नवी चिठ्ठी त्याच्या खाली लावली. "वरची काढायची नसती," त्या म्हणाल्या. "चूकसुद्धा शीटवर राहती. मागनं येणाऱ्याला कळाया पायजे, आपण कुठं चुकलो ते."

आता त्यांच्या घराविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या घरामुळं झालं. मॅडमचं सासर निमोण्याचं, बागायतदार मराठ्यांचं. माहेर राहूचं, धनगराचं, वडील आबा अजून मेंढरं राखणारे. कॉलेजात ओळख होऊन दोघांनी आपल्या मर्जीनं लग्न केलं होतं. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, वर्षभरानं सुनेला घरात घेतलं, पण एका अटीवर: राहूचं नाव काढायचं नाही, तिकडचं कुणी इकडं यायचं नाही. तिकडं भावांनीही बहिणीच्या नावानं आंघोळ केलेली. नवरा कंपनीत सुपरवायझर, माणूस वाईट नाही, पण वडिलांसमोर त्याचा आवाज कधी निघाला नाही. मॅडमना नोकरीची परवानगी होती, तीसुद्धा सहाच्या आत परत घरी या बोलीवर. त्यांचं सगळं जग निमोणे ते शिरूर एवढ्या रस्त्यावर मावलेलं होतं. आबांना फोन करून उपयोग नव्हता, त्यांना फोनवर ऐकू यायचं नाही. बारा वर्षं बापलेकीची भेट नव्हती. हे सगळं मला फार नंतर, तुकड्यातुकड्यांनी कळलं.

आमच्या पहिल्या वर्षी भाद्रपदात अभ्याससहल निघाली. सकाळी शिक्रापूरच्या पुढचा मुरमाड माळ, दुपारी राहूचं गायरान, संध्याकाळी परत. मॅडमच्या पीएच.डी.चा विषय या दोन तालुक्यांतली गवतं असाच होता. मुरमाड माळावर त्या लहान मुलीसारख्या पळत होत्या. राहूला मात्र आम्हाला तासभर गवत गोळा करायला सांगून स्वतः बाभळीखाली गावाकडं पाठ करून उभ्या राहिल्या. लांब नदीच्या अंगाला एक मेंढरांचा कळप चरत होता. मॅडम तिकडं बघत होत्या. मी विचारलं, मॅडम, तिकडं जाऊया का? त्या म्हणाल्या, नको, वेळ नाही. वेळ भरपूर होता.

नमुने दाबायची लाकडी चौकट माझ्याकडं होती. गवत काढलं की वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचं, चिठ्ठी देठाला बांधायची, घड्या एकावर एक रचून पट्ट्यानं आवळायच्या. शेवटी ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मी सकाळच्या-दुपारच्या राहिलेल्या चिठ्ठ्या बांधल्या नाहीत, नुसत्या घडीत सरकवल्या. उद्या बांधू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ओले कागद बदलायला प्रयोगशाळेत एकटीच बसले होते. डोक्यावर पंखा. दोन घड्या एकदम उघडल्या आणि दोन्ही चिठ्ठ्या उडून फरशीवर पडल्या. एकीवर शिक्रापूर, मुरमाड माळ. दुसरीवर राहू, गायरान. समोर दोन गवतं, माझ्या नजरेला दोन्ही मारवेल या नेहमीच्या चाऱ्याच्या गवतासारखीच. खाली जाऊन मॅडमना सांगता आलं असतं. पण मला ती खिडकी आठवली, ती शेळी आठवली, आणि अंतर्गत परीक्षेचे गुणही आठवले. मी अंदाजानं चिठ्ठ्या बांधून टाकल्या. वर दुहेरी गाठ मारली. चुकीची चिठ्ठी इतकी पक्की आजवर कुणी बांधली नसेल.

तिसऱ्या दिवशी मॅडम नमुने बघायला बसल्या. ज्या गवतावर मी राहूची चिठ्ठी बांधली होती, त्याची मुळं धुवायला त्या बेसिनपाशी गेल्या आणि नळ बंद करून बराच वेळ बेसिनमध्ये बघत राहिल्या. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा फुलोरा ठेवला. थोड्या वेळानं आम्हाला एकेकाला बोलावून दाखवलं. तुसावर टाचणीच्या टोकाएवढा खळगा, आणि त्याच्या कडेला केसांची झालर. मारवेल नव्हतीच ती. जिल्ह्यातल्या गवतांच्या जुन्या यादीत त्या गवताचं नाव नव्हतं.  कुठं सापडलं मॅडम, कुणीतरी विचारलं. त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा चिठ्ठीकडं पाहिलं. "चिठ्ठीवर राहू आहे," एवढंच म्हणाल्या.

 आता सांगावं, असं दिवसातून दहा वेळा वाटलं आणि दहाही वेळा मी गिळलं.

मॅडमचे गाईड पुण्याला बसायचे. त्यांनी कळवलं की एका शीटवर काही छापता येत नाही, त्याच जागेवरून ताज्या फुलोऱ्याचा दुसरा नमुना आणा. तो मिळाला की संशोधनाचा लेख होईल, लेख झाला की प्रबंध देता येईल. नोंदणीची मुदत अजून चार वर्षं होती. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, दर जूनला नवं नेमणूकपत्र. पीएच.डी. झाली असती तर कायमच्या होण्याची आशा होती. त्यांची उभी नोकरी त्या एका गवतावर येऊन टेकली होती.

ते गवत वर्षातून पंधरा दिवस फुलतं, भाद्रपद सरता सरता. पुढच्या वर्षी ते दिवस आले तसं मॅडमनी विभागप्रमुखांकडून पत्र घेतलं: संशोधनकार्यासाठी मौजे राहू येथे जाणे आवश्यक. सर सहसा न वाचताच सही करायचे, वर गोल शिक्का. हे पत्र आप्पांपुढं गेलं. आप्पा सोसायटीचे जुने संचालक. माणसावर विश्वास नाही, पण शिक्क्याच्या कागदापुढं ते लोण्यासारखे मऊ. तीनदा पत्र वाचलं म्हणे, शिक्का उजेडात धरून पाहिला, सोसायटीच्या कागदांबरोबर फाईलला लावला आणि म्हणाले, "कागद हाय म्हटल्यावं जावं लागतंय. पर एक दिस. कामाला जायचं, गावात शिरायचं न्हाई."

मदतनीस म्हणून मॅडमनी मला नेलं. न्हावऱ्याहून चौफुल्याला, तिथून राहूला.  गायरानावर पोहोचलो तर तोच कळप, वीस-पंचवीस मेंढरं, आणि खांद्यावर घोंगडं टाकलेले, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे असलेले आबा. मॅडम चालत गेल्या आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडारड होणार. आबांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"रखमा का?"

"व्हय, आबा."

"जेवलीस का?"

बारा वर्षांनंतर बाप लेकीला एवढंच बोलला. मग दोघं बांधावर बसून एकाच डब्यातलं जेवले. मी लांब जाऊन गवत शोधायचं सोंग करत राहिले, कारण ते गवत तिथं असणार नाही हे त्या माळावर फक्त मलाच माहीत होतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

दुपारी मॅडमनी मोबाईलवर त्या शीटचा फोटो आबांना दाखवला. आबांनी फोन लांब धरला, जवळ धरला. "ही हितली न्हाई, रखमे," ते म्हणाले. "ही मुरमावरली. काळ्या रानात हिचं मूळ धरत न्हाई. कोवळी हाय तवर मेंढरू खातं, मागनं तोंड लावत न्हाई."

 मॅडम शांतपणे म्हणाल्या, "चिठ्ठीवं राहू हाय, आबा."

आबा लेकीकडं बघत राहिले. मग फोन परत दिला. "मग शोध," म्हणाले. "सावकाश शोध."

मॅडम गावात शिरल्या नाहीत. आप्पांचा शब्द त्यांनी तंतोतंत पाळला. गायरान गावाबाहेर होतं आणि आबा गायरानावर होते. सहाच्या आत निमोण्याला परत.

पुढच्या मे महिन्यात माझी परीक्षा संपली आणि पंधरा दिवसांत लग्न झालं. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. नवरा फिरतीवर, सासूबाई घरात. मी कुठं जाते, किती वाजता येते, दूधवाल्याशी किती वेळ बोलते, या सगळ्याचा त्यांना हिशोब लागायचा. पहिल्या तीन महिन्यांत मी भाजी आणायलासुद्धा एकटी गेले नाही. भाद्रपदात मॅडमचा फोन आला: पत्र मिळालंय, येतेस का? मी पत्राचा फोटो सासूबाईंना दाखवला. शिक्का बघून त्या म्हणाल्या, मॅडमचं काम आहे तर जा, सहाच्या आत ये. चौफुल्याला उतरून मॅडमची वाट बघत मी एकटीनं टपरीवर उभं राहून चहा प्यायले, तेव्हा मला एकदम रडू आलं.

म्हणून मी गप्प राहिले. पहिल्या वर्षी गुणांच्या भीतीनं आणि नंतर या एका दिवसासाठी. खरं सांगितलं असतं तर राहूचं पत्र बंद झालं असतं, आणि माझाही दिवस गेला असता. मॅडमना आबा भेटतात ना, अशी मी मनाची समजूत घालायचे. पण ती मागून सुचलेली सबब होती. माझ्या स्वार्थापायी एका बाईची पीएच.डी. बुडत होती आणि मी बांधावर बसून तिच्याच डब्यातली चटणी-भाकर खात होते.

त्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा शिक्रापूरच्या मुरमाड माळावर जेसीबी चालू होता. गोदामं होणार होती. मी दुसऱ्या दिवशी तिथं गेले. फुलोरा कधीच झडला होता, नुसत्या वाळक्या काड्या. तरी मूठभर काढल्या, कागदात गुंडाळल्या, आणि मॅडमना काय सांगायचं ते सुचेना म्हणून फाट्यावरच टाकून दिल्या. मग फोन केला. आपली सहल गेली होती तो माळ सपाट करायला लागलेत, असं सहज बोलता बोलता सांगितल्यासारखं सांगितलं. 

"किती राहिलाय?"

"अर्धा असेल."

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांनी हे का विचारलं, याचा मी तेव्हा विचार केला नाही. खरं तर करायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या वर्षी आबा बसूनच होते. मेंढरं आठ-दहा उरलेली, तीही त्यांच्या हाकेनं वळत नव्हती. मॅडमनी त्या दिवशी शोधायचं नावही काढलं नाही. आबांची नखं काढली, घोंगड्याला काटे चिकटले होते ते एकेक करून वेचले. निघताना आबांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "त्ये गवत घावलं का गं पोरी?" मी नाही म्हटलं. "घावू नये," आबा म्हणाले आणि हसले. दात एकच होता.

एप्रिलमध्ये आबा गेले. मॅडमना तिसऱ्या दिवशी कळलं, तेही माझ्याकडून, कारण मला दौंडच्या बाजारात राहूच्या एका बाईनं सांगितलं. मी फोनवर म्हटलं, मॅडम, दहावा तरी गाठा. आप्पा नाही म्हणत असतील तर सरांकडून पत्र घ्या, सर कशावरही सही करतात. 

"चैतात कुठलं गवत फुलतं, वाबळे?" त्यांनी विचारलं.

 त्या गेल्या नाहीत. दहाव्याला त्यांनी वर्गात पूर्ण दोन तास शिकवलं, असं मला नंतर कळलं. त्या बाईचा मला त्या दिवशी भयंकर राग आला. एक खोटा कागद, एक दिवसाचा, बापासाठी. एवढं काय त्या चिठ्ठीचं सोवळं, असं वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं.

भाद्रपदात त्यांचा फोन आला. पत्र मिळालंय. मी म्हटलं, चौफुल्याला येऊ ना? "चौफुल्याला नको," त्या म्हणाल्या. "तू माहेरी जा आणि शिक्रापूरच्या फाट्यावर थांब. पत्र शिक्रापूरचं आहे."

फाट्यावर ट्रकांची रांग लागली होती. आम्ही धूळ खात चालत माळापर्यंत गेलो. माळ नव्हता. निळ्या पत्र्यांची तीन गोदामं, दहा फूट उंच भिंत आणि फाटकावर वॉचमन. मॅडमनी त्याला विचारलं, आत गवत बघायला सोडाल का. तो म्हणाला, "मॅडम, अंदर घास नहीं है, सब काँक्रीट है." मग आम्ही भिंतीच्या बाहेरून चालत राहिलो. गटाराच्या कडेला, विजेच्या खांबाखाली, जिथं वीतभर जमीन दिसली तिथं मॅडम खाली बसून बघत होत्या. सगळीकडं गाजरगवत. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला रस्ताच नव्हता.

मी तिथं भिंतीला टेकून सगळं सांगितलं. पंखा, दोन चिठ्ठ्या, माझा अंदाज, माझी चार वर्षं.  मॅडम साडीला चिकटलेली कुसळं काढत ऐकत होत्या.

"तिसऱ्या दिवशी कळलं मला," त्या म्हणाल्या. "मुळं धुतली तर पाणी तांबडं झालं. राहूला तांबडी माती कुठनं येणार?"

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू का न्हाई बोललीस?"

मी मान खाली घातली.  मग त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आप्पा वर्षातनं एक दिस देत होते. एक कागद, एक गाव. हिकडं आलं असतं तर गवत घावलं असतं. तिकडं आबा होते." पुढं त्यांचा आवाज बदलला. "मी माझ्या हातानं खोटी चिठ्ठी लिहिली नसती, वाबळे. पर तू बांधलेली मी सोडली पण न्हाई."

त्या रडल्या नाहीत. मी रडले. त्यांनी पर्समधून कोरी चिठ्ठी काढून मला दिली. म्हणाल्या, शीट दुरुस्त करायची आहे, तुझ्या अक्षरात कर, चूक तुझी आहे. कुठं, कधी, कुणी, सगळं लिही. आणि वरची काढायची नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिरूरला गेले. ती शीट कपाटातून काढली तेव्हा खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेली बारीक ओळ दिसली: स्थळाची खात्री नाही. खाली मॅडमची सही आणि तारीख, तिसऱ्या दिवसाची. म्हणजे गाईड, सर, आप्पा, कुणीही येऊन शीट पाहिली असती तर खरं तिथं लिहिलेलं होतं. कुणी पाहिली नाही. चार वर्षं मीही नाही. राहूच्या चिठ्ठीखाली मी माझी चिठ्ठी चिकटवली: शिक्रापूर, मुरमाड माळ. शेवटी मॅडमनी सांगितलेला शब्द घातला: आता नाही.

डिसेंबरात नोंदणीची मुदत संपली. जूनला मॅडमना नेमणूकपत्र आलं नाही. तोवर मी सेट पास झाले होते आणि त्यांचे तास मला मिळाले; नेमणूकपत्राचा शिक्का बघून सासूबाईंनीही जाऊ दिलं. अर्ज करायला त्यांनीच सांगितलं होतं. मी नको म्हणत होते तर म्हणाल्या, तू नाही घेतलेस तर तास दुसऱ्या कुणाला जातील, आणि तो कपाटाला डांबरगोळ्या टाकायचा नाही. किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा तिची चिठ्ठी तशीच होती.

त्या आता निमोण्याला घरीच असतात. आप्पांना अर्धांगवायू झाला, त्यांचं सगळं मॅडमच करतात. मला तास मिळाले त्याच वर्षी भाद्रपदात मी विभागाच्या कागदावर पत्र तयार केलं: गवतांच्या पाहणीसाठी विषयतज्ज्ञ म्हणून सौ. थोरवे यांना एक दिवस पाठवावे. शिक्का स्वतः मारला, चांगला ठळक. स्थळाची जागा कोरी ठेवली. म्हटलं, त्या सांगतील ते गाव घालू, आणि जे घालू तिथंच जाऊ.

चार दिवसांनी शनिवारी मॅडमचे मिस्टर कंपनीत जाता जाता कॉलेजच्या फाटकाशी थांबले आणि एक पाकीट देऊन गेले.  आत माझं पत्र परत आलं होतं. सोबत चिठ्ठी, की आप्पांनी पत्र वाचायला लावलं आणि म्हणाले, आता नोकरी नाही, आता कशाचा कागद. पत्राच्या घडीत एक गवत होतं, नीट दाबलेलं, मुळं धुतलेली. साधी हरळी. तिला चिठ्ठी: निमोणे, घरामागचा बांध. तारीख. सही.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा थांबले, आणि त्याच्या पुढच्याही. आता दर आठवड्याला पाकीट येतं. कधी कुंदा, कधी लव्हाळा, कधी नुसतं बाळसं धरलेलं रोप ज्याला अजून फूलही नाही. मी ते शीटवर चढवते आणि कपाटात लावते. मुलं विचारतात, मॅडम, सगळ्यांवर एकच जागा कशी? मी त्यांना सांगते की ज्यांनी गोळा केलंय त्या तेवढ्याच जागेपर्यंत जाऊ शकतात, म्हणून त्यांनी तेवढंच लिहिलंय.

काल मी मोजल्या. एकाच बांधावरच्या एकसष्ट शीट झाल्या आहेत. एकाही चिठ्ठीखाली दुसरी लावावी लागलेली नाही. प्रत्येक चिठ्ठी देठाला दोऱ्यानं बांधून येते, आणि गाठ दुहेरी असते.